डबक्यातली लाँच

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी लाँच आहे, आणि मी अजून पाण्यावर तरंगते. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहायला येणाऱ्यांचा तिथेच गैरसमज होतो. ते माझा फोटो काढतात आणि म्हणतात, बरे झाले, हिच्या वाट्याला निदान पाणी तरी उरले. सुखरूप आहे बिचारी. खुराड्यातली कोंबडीही सुखरूपच असते, पण हे त्यांना कोण सांगणार?

माझा जन्म सरोवराच्या काठावरच्या कारखान्यात झाला. तेव्हा सरोवर एवढे अफाट होते, की नवखी माणसे त्यालाच समुद्र समजत. लोखंडी पत्रे वाकवून, जोडून कारागिरांनी माझे अंग घडवले. रंगाऱ्याने मला पांढरा रंग दिला आणि कमरेला निळा पट्टा ओढला. मला चालवायला एक सारंग नेमला गेला. त्याचा धाकटा भाऊ माझे इंजिन सांभाळू लागला. एक वर चाकापाशी, तर एक खाली इंजिनापाशी. दिवसभर दोघांची गाठ पडत नसे. सारंग वरून घंटा वाजवी आणि धाकटा खालून वेग कमीजास्त करी. दोघा भावांचे सगळे बोलणे घंटेवरच चाले, आणि घरी गेल्यावर बोलायला काही उरत नाही, अशी धाकट्याच्या बायकोची कायमची तक्रार असे.

सरोवरात एक बेट होते आणि बेटावर गाव होते. बेटावरचे गाव आणि किनाऱ्यावरचे शहर यांच्यामध्ये माझ्या फेऱ्या चालत. दुधाचे कॅन, सिमेंटची पोती, नव्या नवरीचे कपाट, एकदा तर भर पाण्यात रुसून बसलेली एक गाय, सगळे माझ्यातून गेले. मी जरा संथ होते, म्हणून लोक मला 'गोगलगाय' म्हणत. पण वारा सुटला की तेच लोक चटपटीत बोटी सोडून गोगलगायीकडे धावत. तेव्हा मला त्या नावाचा फार अभिमान वाटे.

मग पाणी हटू लागले. एका वर्षी धक्क्याची एक पायरी उघडी पडली. पुढच्या वर्षी भरेल, असे लोक म्हणाले. पुढच्या वर्षी आणखी दोन पायऱ्या उघड्या पडल्या. धक्क्याला फळ्या जोडल्या, मग त्या फळ्यांना आणखी फळ्या जोडल्या. बेटावरच्या शाळेतल्या बाई रोज माझ्यातून जात. त्या सोबतच्या मुलांना समजावून सांगत, की उन्हाळे लांबले आहेत, डोंगरावर पूर्वीसारखे बर्फ साचत नाही, नद्या बारीक झाल्या आहेत आणि त्यांतलेही पाणी वाटेतच उपसले जाते. त्यामुळे सरोवरात येते त्यापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन निघून जाते. हे ऐकून मुले माझ्या कठड्यावरून खाली वाकत आणि वाफ दिसते का ते बघत.

सरोवराच्या तळाशी एक लांबलचक उंचवटा होता. पाणी उतरले तसा तो वर डोकावू लागला आणि सरोवराचे दोन तुकडे होणार हे सगळ्यांना कळून चुकले. पलीकडच्या बाजूला पाणी खोल होते. बेट आणि शहर मात्र अलीकडच्या उथळ बाजूला होते. मधे बोटी जाण्यापुरती एक अरुंद वाट उरली होती. एकेक करून बाकीच्या बोटी तिच्यातून पलीकडे निघून गेल्या. आता माझी पाळी होती. धाकट्याने इंजिन धुऊनपुसून तयार ठेवले.

पण बेटावर शिंपीणमावशी राहत होत्या. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना कित्येक वर्षांपासून दिवसाआड माझ्यातून शहरातल्या इस्पितळात जावे लागे. परत येताना त्यांना धड बसवतही नसे. अशा बाईला उघड्या होडीत, तळपत्या उन्हात अर्धा दिवस वल्हवत नेणे शक्य नव्हते. शहरातच खोली घेऊन राहा, असे लोक सांगत. पण त्यांचा नवरा बेटावर अंथरुणाला खिळला होता.

धाकटा वर आला आणि म्हणाला, "दादा, वाट बंद होत आलीय. आत्ता निघालो तर लाँच वाचेल. इथे राहिलो तर ही कायमची अडकली."

"आणि मावशींना कोण नेणार?"

"सगळ्या जगाचा मक्ता आपणच घेतलाय का?"

"जगाचा नाही रे," सारंग म्हणाला. "मी त्यांना परवा येतो म्हणून सांगितलंय."

धाकट्याने आपले पाने, हातोडी, चिंध्या पिशवीत भरल्या आणि तो शेवटच्या मासेमारी बोटीतून पलीकडे निघून गेला. मित्रांनो, मनातले सांगते, मलाही जायचे होते. माझे पुढचे टोक त्या वाटेकडेच वळलेले होते. सारंगाने चाक फिरवले आणि मी वळले.

त्यानंतर सारंग सवयीने घंटा वाजवी, क्षणभर थांबे आणि मग स्वतःच खाली उतरून इंजिनाचा वेग बदली. त्या वाटेतले पाणी आधी माझा तळ घासेल इतके उतरले, मग तिथे बगळे उभे राहिले, आणि मग बगळेही गेले. तिथे गवत उगवले.

तो सगळा हंगाम आम्ही मावशींची ने-आण केली. एकदा इस्पितळाकडे जाताना मी गाळात रुतले. उतारू कमरेइतक्या चिखलात उतरले आणि मला ढकलू लागले. शाळेच्या बाईही उतरल्या. मावशी ओशाळून म्हणाल्या, "मलाही उतरवा, तेवढंच ओझं कमी होईल."

खालून दूधवाला म्हणाला, "तुम्ही कापडाच्या गुंडाळीएवढ्या. तुमचं कसलं ओझं? गप बसा."

चिखलातही सगळे हसले आणि त्या हसण्याच्या भरात मी सुटले. मावशी वेळेवर पोहोचल्या.

पुढे गाळ वाळून टणक झाला आणि सरोवराच्या तळावरून जीपगाड्या धावू लागल्या. मावशी जीपने जाऊ लागल्या. चारी बाजूंनी पाणी आटत गेले आणि मी अलीकडच्या तळातल्या सर्वांत खोल खड्ड्यात उरले. माझे इंजिन चालते. माझे सुकाणू वळते. माझ्या पत्र्याला कुठे भोक नाही. वारा मला एका काठाला नेऊन टेकवतो आणि वारा फिरला की दुसऱ्या काठाला आणून सोडतो. मोडून पडले असते तर एकदाचे समजून घेतले असते. धडधाकट असून जाण्यापुरती जागा नसणे, हे मला अजून समजून घेता आलेले नाही.

एक दिवस धाकटा परत आला. काठावर उभा राहून तो म्हणाला, "माझंच बरोबर होतं, दादा."

सारंग म्हणाला, "होतं."

धाकट्याने काठावर चपला काढून ठेवल्या. मग त्याने सांगितले, की पलीकडचे पाणीही आता झपाट्याने उतरते आहे आणि तिकडच्या बोटी चिखलात कलंडू लागल्या आहेत. एवढे बोलून तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला आणि माझ्यावर चढला.

त्याच आठवड्यात शिंपीणमावशी आल्या. जीप दूर थांबवून, काठी टेकत चालत आल्या. सारंगाला वाटले, काही निरोप असेल. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुमच्या लाँचमधून डोळे मिटूनच गेले. जाताना भीती, येताना ग्लानी. पाणी कधी बघितलंच नाही. एकदा दाखवता?"

दोघा भावांनी त्यांना हाताला धरून वर घेतले. धाकटा खाली गेला, इंजिन सुरू झाले आणि मी निघाले. मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांचे डोळे सताड उघडे होते. मी होईल तेवढी हळू चालले. तरीही आम्ही निघालो त्याच काठाला लगेच येऊन टेकलो.

"एवढंच?" मावशींनी विचारले.

"एवढंच, मावशी," सारंग म्हणाला.

त्या उतरल्या नाहीत. म्हणून आम्ही पुन्हा एक फेरी मारली.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. तुमच्या जवळपास एखादे तळे, एखादी नदी अजून भरलेली असेल, तर आजच जाऊन तिच्याकडे नीट बघा. जे डोळे भरून पाहिलेले असते, ते आटताना आपल्याला लवकर कळते. आणि लवकर कळले, तर थांबवायला हात थोडे आधी पुढे येतात. आमच्याकडे ते फार उशिरा आले.