श्रावणचा रोल

पंचफुलाबाईंनी पाकिटातले फोटो पत्ते मांडावेत तसे काउंटरवर मांडले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतले. पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, मासेच मासे. बबनरावांना बाईंकडे बघवेना. ते उगाच कॅमेऱ्याची काच पुसत बसले.

बाईंचा थोरला, श्रावण, बबनरावांच्याच स्टुडिओत फोटो धुवायला शिकला होता. नाचणगावच्या विहिरीत सूर मारणारं हे पोरगं पुढं अंदमानात सरकारी नोकरीला लागलं. काम काय, तर समुद्राच्या पोटात शिरून तिथल्या जीवांचे फोटो काढायचे. मागच्या महिन्यात खाली गेलं ते वर आलंच नाही. घरी आली ती ट्रंक, आणि तिच्यात आदल्या दिवशी काढलेला रोल. पुलगावात रंगीत रोल धुता येत नसे. बबनरावांनी तो नागपूरहून करून आणला होता. ओळखपत्रही आलं होतं, पण खाऱ्या हवेनं त्यावरचा चेहरा पार गेला होता.

"यात माहा श्रावण कुठी हाये, भाऊ?"

"काढनारा फोटोत येत नसते, बाई."

"एकातही नाई?"

"नाई."

बबनरावांनी जन्मभर लोकांना फोटोत बसवलं, पण रोज समोर वावरणाऱ्या या पोराला एकदा स्टुलावर बसवायचं सुचलं नाही. फोटो न काढताच गेलेल्या माणसांचे फोटो ते भावाच्या चेहऱ्यावरून, ब्रश फिरवून तयार करून देत. आसपासच्या गावांत कितीतरी भिंतींवर ते लागलेले होते.

"धाकट्याले घेऊन या. त्याच्या फोटोवर श्रावणसारखी मिशी रंगवून देतो. हुबेहूब दिसन."

"तो जित्ता हाये. त्याले काऊन हार घालू?"

यापलीकडे बबनरावांच्या हातात काहीच नव्हतं.

बाईंनी एक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. एक म्हातारं कासव मान वळवून सरळ समोर पाहत होतं.

"हे कोनाकडं पाहून राह्यलं?"

"कॅमेऱ्याकडं," बबनराव म्हणाले आणि अडखळले. "म्हनजे... श्रावणकडंच."

पंचफुलाबाईंनी बाकीचे फोटो गोळा करून पाकिटात घातले. तो एक त्यांच्यापुढे सरकवला.

"मंग हेच मोठं करून द्या. फ्रेम चांगली लावजा."