नखरेल गुलाब

रोपवाटिकेच्या मालकाचा खोकला जाईना. छातीच्या डॉक्टरांनी फुप्फुसात बुरशी असल्याचं सांगितलं, आणि नेहमीच्या औषधाला ती जुमानत नाही म्हणून शिरेतून दुसरं सुरू केलं. बायकोचा जीव टांगणीला लागला. नवऱ्याला मात्र दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या गुलाबांचाच घोर. पानांवर पांढरी भुरी चढली तर?

चढली होतीच. मग बायकोने पदर खोचला, त्याचाच पंप पाठीवर घेतला आणि तो वर्षानुवर्षं फवारायचा तेच बुरशीनाशक फवारत सुटली. रोगट पानं, छाटलेल्या काड्या कंपोस्टच्या ढिगावर टाकायची. दवाखान्यात गेली की सांगायची, गुलाब खुशाल आहेत.

एवढ्यात त्या ढिगात पाय खुपसून बसणारी कोंबडी चोच उघडून धापा टाकू लागली, नि गेलीही. लेक गुराढोरांची डॉक्टर. तिने कोंबडी नेऊन तपासली आणि आईला समोर बसवलं.

"बाबांच्या छातीत आहे, तीच बुरशी हिच्याही छातीत होती."

बुरशी ढिगातच वाढते, लेकीने समजावलं. गुलाबांचं औषध आणि बाबांना आधी दिलेलं औषध ही सख्खी भावंडं. फवारलेली पानं ढिगात पडतात, तिथे बुरशी त्या औषधाला सरावते, आणि श्वासातून माणसाच्या छातीत शिरली की डॉक्टरांनाही दाद देत नाही.

आईच्या आता लक्षात आलं. ज्याच्यासाठी देवाला साकडं घातलं, त्याच्यासाठीच आपण हे विष जोपासत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने खाली मान घालून नवऱ्याला सगळं सांगितलं. नव्या औषधाने त्याचा ताप उतरला होता. तो रागावला नाही.

"म्हणजे मी आणि कोंबडी एकाच पंगतीला," तो म्हणाला. "अगं, फवारणी बंद. ढिगाला तू हात लावू नकोस, लेक बघेल. रानटी लाल गुलाब राहू दे, त्याला भुरी लागत नाही. बाकीचे काढून टाक."

"अहो, तुम्ही कलम केलेला पण?"

तो गुलाब त्याने लग्नाच्या वर्षी केला होता. त्याला तिचंच नाव दिलं होतं.

"तोच आधी. सगळ्यात जास्त औषध त्यालाच लागतं. नाव तुझं, मग नखरे असणारच."

तिने पदराने डोळे टिपले. "काढते. पण माझे नखरे कमी होणार नाहीत, सांगून ठेवते."

तो असा हसला की नर्सने येऊन सलाइनचा हात धरून ठेवला.