दर्शनी बाजूचे सासरे

"समिती येईल त्या दिवशी पुढच्या खिडकीत काही म्हणजे काही ठेवू नकोस गं. त्यांना जे दिसतं ते जपायला लावतात," असं चैत्रालीनं ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनहून फोन करून बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. नव्याकोऱ्या इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणीला जुन्या घरातलं काय कळणार! शिवाय खिडकीत आम्ही खरंच काही ठेवलं नव्हतं. फक्त बाबांना बसवलं होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. पुण्याहून नातीला भेटायला आलेले. घरी मोठे पाहुणे यायचे म्हटल्यावर ज्येष्ठांना इस्त्रीचा सदरा घालून समोरच्या चांगल्या खुर्चीत बसवायचं, ही आपली रीत. मला बघायला आले तेव्हाही ते असेच बसले होते, एका हातात कप, चेहऱ्यावर सगळं आधीच ठरल्यासारखं.

नेदरलँड्समधल्या हार्लेमचं हे आमचं घर शंभरीला टेकलंय. कुणा सुतारानं स्वतःसाठी बांधलेलं, त्यामुळे दाराच्या चौकटीपासून रंगीत काचांपर्यंत सगळं देखणं. फक्त जिना असा, की शिडीनं त्याच्याकडून उभं राहायला शिकावं. आमची जुई नुकती चढायला लागली होती. ती जिन्याकडे वळली की मी हातातलं टाकून धावायची. म्हणून मागं एक खोली वाढवायची आणि तिला खाली झोपवायचं, एवढंच आमचं मागणं. पण घर शहराच्या वारसा-यादीतलं, त्यामुळे खेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका, आधी समिती पाठवते.

समितीच्या हानेकेबाईंनी पोहे मागून घेतले, रस्त्यावर जाऊन घराचा फोटो काढला आणि परत येऊन विचारलं, "हे गृहस्थ नेहमी इथंच बसतात?"

आता ह्या बाबांचा व्हिसा विचारणार, असं वाटून मी घाईघाईनं म्हणाले, "हो हो, पहिल्यापासून!"

परवानगी आली. मागची खोली मंजूर. अट एकच: दर्शनी बाजू जशी आहे तशी राहावी. विटा, रंगीत काचा, दाराची मूठ आणि खिडकीतील वृद्ध गृहस्थ, कपासह.

ऋषभनं, माझ्या नवऱ्यानं, तिथल्या तिथं फोन लावला. "अहो, ते माझे वडील आहेत! माणूस आहेत!"

"तेच तर," हानेकेबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "म्हणून प्रतिकृती चालणार नाही."

तरी एक दिवस बाबांना फिरायला पाठवून ऋषभ सदरा घालून बसला. दुपारच्या आत समोरच्या घरातून तक्रार गेली: रंग नवा वाटतो, मूळ बांधणीशी मेळ नाही. बाबांची दाढ दुखली तर दातांच्या डॉक्टरांनी आधी समितीला विचारलं. उत्तर आलं, चालेल, पण बाहेरून फरक दिसता कामा नये.

व्हिसा संपत आला. एक कार्यालय म्हणे, यांना जावं लागेल. दुसरं म्हणे, हलवलंत तर मागचं काम बंद. शेवटी दोन्ही कार्यालयांनी मिळून तोडगा काढला: काम पुरं होऊन तपासणी होईपर्यंत बाबांना इमारतीचा भाग म्हणून राहू द्यायचं.

पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर कडाडल्या, "अहो, गणपतीसुद्धा ठरल्या दिवशी निघतो! तुम्ही कसले बसून राहिलात?"

"सरला, इथं लोक थांबून बघतात माझ्याकडे," बाबा म्हणाले. "तू कधी बघितलंस?"

"मग मीच येते शेजारी बसायला."

आम्ही विचारून पाहिलं. दर्शनी बाजूला सासूबाई म्हणजे वाढीव बांधकाम. नामंजूर.

मागच्या भिंती चढत होत्या. मी दिवसभर जिन्यापाशी, नजर जुईवर. बाबा काय, खिडकीत सुरक्षित होते. अख्खं शहर त्यांच्याकडे बघत होतं.

परवा बाहेर बरीच गर्दी होती, सायकली थांबवून फोटो चाललेले. एक बाई म्हणाली, किती सुंदर शांतता आहे या चेहऱ्यावर! इतक्यात जुई जिना सोडून तुरुतुरु खुर्चीपाशी गेली. बाबांचा गुडघा हलवला. मग मोडलेल्या खेळण्याला डचमध्ये म्हणते तसं मला ओरडून म्हणाली, "आबा कापोट! आई, आबा कापोट!"

बाबा घामानं डबडबलेले. मान कलंडलेली, कप मांडीवर सांडलेला. मधुमेह जुना, साखर एकदम उतरली होती. साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत होते तेव्हाही काचेपलीकडे एकजण मला हातानं खुणावत होता, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.

डोळे उघडल्यावर बाबा पहिलं काय म्हणाले असतील? "पडदा लावला नाहीस ना गं?"

काल हानेकेबाईंना मी खडसावून सांगितलं, बाबांना आता पुण्याला सोडा. त्या हळहळल्या. तपासणी ठरली की लगेच, म्हणाल्या. तपासणी ठरलेली नाही. खोली उभी आहे, जुई खाली झोपते, आणि सोमवारपासून मी पुन्हा ऑफिसला जाणार.

म्हणून विनंती. हार्लेमला आलात तर रंगीत काचांचं घर शोधा. फोटो काढा, नका काढू. पण काचेवर एकदा टकटक करा. बाबांनी कप उचलून दाखवला तर ठीक. नुसतेच सुंदर दिसले, तर दाराची बेल वाजवा, आणि कुणी उघडेपर्यंत वाजवतच राहा.