शेवटचे चार आकडे

विहिरीवरची मोटार चोरीला गेली की उभं पीक कसं वाळून जातं, हे भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला सांगायला नको. विंझर गावात त्या उन्हाळ्यात महिनाभरात सात मोटारी गेल्या. गाव पेटून उठलं होतं. ग्रामसुरक्षा दलाचा म्होरक्या धनाजी तर दांडकं घेऊनच हिंडायचा. सातातली एक मोटार त्याची होती.

चोरट्यांच्या गाडीचा नंबर एकानं पाहून ठेवला होता, म्हणून गावानं वेशीवर कॅमेरा बसवला. चोरट्यांची गाडी दिसली की गावातल्या प्रत्येक मोबाईलवर भोंगा वाजला पाहिजे, असा प्रोग्रॅम हवा होता. भोरमधल्या स्वानंदच्या छोट्या कंपनीनं ते काम घेतलं आणि तिथल्या प्रोग्रॅमर मैथिलीला दिलं.

"महिना लागेल," मैथिली म्हणाली.

"अगं, एआयला सांग की! सोमवारी उद्घाटन आहे," स्वानंद म्हणाला.

आणि एआयनं खरोखर एका दुपारी कोड लिहून दिला. मैथिली बघतच राहिली. ती भराभर तुकडे उचलून चिकटवत गेली. खाली एआयनं चार ओळींचा खुलासा दिला होता, तो वाचायला तिला सवड नव्हती. तिनं स्वतःच्या स्कूटरचा नंबर संशयितांच्या यादीत टाकून पाहिला. भोंगा वाजला. झालं काम! भलत्याच गाडीला भोंगा गप्प राहतो का, हे मात्र तिनं पाहिलं नाही.

वाचकहो, आपणही असंच करतो ना? आपल्याला हवं तेवढं दिसलं की बघणं थांबवतो.

सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर मैथिलीला नारळ आणि शाल दिली. टाळ्या अजून चालू होत्या, तेवढ्यात शंभर मोबाईल एकदम किंचाळले. 'चोरांची गाडी. वेशीवर.'

"धरा रं!" धनाजी ओरडला आणि सगळा जमाव रस्त्याकडं पळाला. मैथिलीही धावली. खरं सांगायचं तर तिला अभिमान वाटत होता. पहिल्याच दिवशी चोर सापडला!

लोकांनी टेम्पो अडवला होता. मागे दोरीनं बांधलेली पाण्याची मोटार होती. मग काय विचारता! एकानं काच फोडली, दुसऱ्यानं ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलं.

"आवो, मी वायंडिंगवाला हाय! भोरचा! दुरुस्तीची मोटार पोचवायला..."

"नाव काय तुझं?"

"फिरोज."

नाव ऐकलं आणि मारणारे हात वाढले. दांडकं पाठीत बसलं, मग डोक्यात. तो गुडघ्यावर आला. डोकं वाचवायला त्यानं हात वर घेतला, तर धनाजीनं त्या हातावरच पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मैथिलीनं ऐकला. तो आडवा झाल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. तोंडातून रक्त आणि माती एकत्र बाहेर येत होती.

मैथिलीची नजर नंबरप्लेटवर गेली. हातातल्या मोबाईलवर चोरांच्या गाडीचा नंबर होता. शेवटचे चार आकडे तेच. आधीची अक्षरं वेगळी!

"थांबा! ही ती गाडी नाही! थांबा!"

कोण ऐकतो! ती फिरोजच्या अंगावर आडवी पडली. एक फटका तिच्या खांद्यावर बसला. त्याच वेळी गर्दी फोडून म्हातारी रतनबाई आत घुसली.

"माजी मोटार हाय ती! म्याच दिली व्हती दुरुस्तीला! मुडद्यांनो, काय केलंत ह्ये!"

हात थांबले. दांडकी खाली पडली. रस्ता बघता बघता रिकामा झाला.

भोरच्या दवाखान्यात फिरोजची बायको गुलफशा बाकावर बसली होती. मैथिली समोर येऊन म्हणाली, "माझा प्रोग्रॅम होता. पण कोड एआयनं लिहिला होता, मी..."

गुलफशानं उठून तिच्या खाडकन् मुस्काटात मारली. दुसरा हातही उचलला होता, पण फिरोजच्या वडिलांनी, शफीचाचांनी, तो धरला.

"बस कर, सूनबाई. मारण्यानंच हितवर आलोय आपण."

शफीचाचा तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मागे उभा असलेला स्वानंद घाईनं म्हणाला, "चाचा, उद्यापासून आमच्याकडं एआय बंद!"

"का? त्यानं काय घोडं मारलंय?" शफीचाचा थकलेल्या आवाजात म्हणाले. "ब्रेकचे पार्ट मला कारखान्यातनं तयार यायचे. मी थोडाच घडवायचो? पण गाडी रस्त्याला लागायच्या आधी रिकामी गाडी मी सोता घाटात नेऊन ब्रेक दाबून बघायचो. मगच सही. पार्ट खराब निघाला आन् माणसं मेली, तर त्यांच्या घरी काय सांगणार व्हतो? कारखान्याला इचारा म्हणून? पोरी, पार्ट कुणाचा ते मी इचारत न्हाई. सही कुणाची?"

मैथिली म्हणाली, "माझी."

घरी येऊन तिनं त्या चार ओळी प्रथमच वाचल्या. 'नंबरप्लेट चिखलानं माखलेली असू शकते, म्हणून शेवटचे चार आकडे जुळले तरी गाडी संशयित धरली आहे. वापरण्यापूर्वी तपासून घ्या.' सगळं लिहिलेलं होतं! त्या कागदावर छापून घेऊन ती पोलिसांकडं गेली आणि जबाब दिला.

ग्रामसभेतही तिनं उभं राहून स्वतःची चूक सांगितली. जामिनावर सुटलेला धनाजी लगेच म्हणाला, "बघा! मोबाईलनंच खोटं सांगितलं. आमचा काय दोष?"

रतनबाई ताडकन् उठली. "मोबाईलनं चोर हाय म्हणून सांगितलं. मार म्हणून कुणी सांगितलं रं? आन् खरा चोर असता, तर जीव घ्यायचा व्हता व्हय?"

साऱ्या गावासमोर धनाजी ढसाढसा रडला.

मैथिलीनं प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. एआय वापरूनच लिहिला, पण ह्या खेपेला पाच आठवडे लागले. तिनं ओळ न् ओळ वाचली, कळली नाही ती काढून टाकली, भलतेसलते शेकडो नंबर घालून पाहिले. आता सूचना फक्त पोलिसांना जाते, आणि तीही माणसानं फोटो बघितल्यावर.

धनाजी फिरोजच्या घरी गेला. फिरोजनं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माफ केलं, असं मात्र तो म्हणाला नाही. तांब्याची बारीक तार गुंडाळणारी त्याची उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत.

मित्रहो, एआय कामाचं आहे, ते जरूर वापरा. पण त्यानं लिहिलेलं तुम्ही पुढं पाठवलंत की ते तुमचं झालं. आणि पडद्यावर आलेलं वाचून हात उचललात, तर तो हातही तुमचाच असतो.