मधोमध

ऑलिव्हच्या घाण्यावर बेत्तोनं तोंड उघडलं, आन् तिथंच घात झाला. गडी शहरात कुणा पंडिताकडं लाकडं फोडायला होता. येताना डोक्यात खूळच घेऊन आला, की सूर्य जागेवर बसलाय आन् आपली पृथ्वीच त्याच्याभोवती गरागरा फिरतीय! समोर घाण्याचं गाढव फिरत होतं, ते दाखवून सांगितलं. लोक पोट धरधरून हसले. त्यातल्याच कुणीतरी पाद्रीच्या कानाला लागून आग लावली.

आता बेत्तो आतल्या खोलीत तापानं फणफणलेला, घटकाभराचा सोबती. पावसानं टेकडीची माती पार दारापर्यंत वाहून आलेली. पाद्री चुलीपाशी हात शेकत बसला होता.

"मेया, दोनदा विचारलं, तर नवरा तुझा भिंतीकडं तोंड करतो. पृथ्वी मधोमध आहे, हलत नाही, एवढं त्याच्याकडनं वदवून घे. नाहीतर दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरावं लागेल."

कुंपणाच्या आत त्यांची लेना होती. गेल्या थंडीत गेलेलं एवढंसं लेकरू. मेया उठली. ती आतल्या खोलीत गेली.

"म्हण की रं! तू म्हटल्यानं पृथ्वी थांबणार हाय व्हय?"

"मंग पाद्रीबाबाला कशापायी ऐकायचंय?" बेत्तो धापा टाकत बोलला. "पंडिताच्या त्या आभाळ बघायच्या नळीतनं डोळ्यानं बघितलंय म्या. मरताना खोटं बोलू?"

"जळला तुझा हट्ट! पोर एकली हाय तिथं."

"एकली..." त्याचे डोळे भरले. ओठ हलले. काय बोलणार हुता, देवाला ठावं. श्वास गेला तो गेलाच.

मेयानं हंबरडा फोडला न्हाई. त्याचे डोळे मिटले, पदरानं नाक पुसलं आन् बाहेर आली.

"गेला. पर जाताना बोलला, बाबा. पृथ्वी मधोमध हाय. हलत न्हाई."

पाद्रीनं तिच्याकडं रोखून बघितलं. "क्रुसावर हात ठेव. खोटी शपथ घेतलीस तर कुठं जाशील, माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? दर रविवारी हाच तर सांगायचा. सगळ्यांच्या वर स्वर्ग, खाली मधोमध पृथ्वी, आन् पृथ्वीच्या पोटात, पार मधोमध, नरक. स्वर्गापासनं त्याहून लांब जागाच न्हाई. बेत्तोचं खूळ मेयाला कधी पटलं नव्हतं. तिचा पाद्रीच्या शब्दन् शब्दावर इस्वास होता.

तिनं क्रुसावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बेत्तोला लेनाच्या कुशीला पुरलं. शेजारची तेस्सा मेयाच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "सुटला बाई. आता वर तिघंबी भेटाल."

"दोघं भेटतील," मेया म्हणाली, आन् टोपली उचलून ऑलिव्ह वेचायला गेली.