शेजारच्या दारातली पावलं

परक्याच्या बंद दारापुढं उकिडवं बसून विठाबाई रांगोळी घालत होत्या. पाठीमागं त्यांचा पुतण्या सुदर्शन दोन खिळ्यांना दोरी ताणून तिच्यावर ओली लुगडी वाळत टाकत होता. लुगडी विठाबाईंचीच होती. दाराशी काढून ठेवलेल्या दोन जोड चपलाही त्यांच्याच घरातल्या. त्यांतला एक जोड त्यांच्या मालकांचा, पोपटरावांचा.

“काकी, आटपा. साडेधाला पार्टी येतीय.”

“हे काय बरं दिसत न्हाई, सुदर्शन.”

“बरं दिसावं म्हणूनच तर चाललंय.” सुदर्शन हसला. तळेगावात तो घरं-प्लॉट दाखवायचं काम करायचा. “आधीच्या चार पार्ट्या हितनंच माघारी फिरल्या. तुमच्या घरात पाऊल तरी टाकलं का कुणी?”

ते खरं होतं. विठाबाईंच्या घराला नाव ठेवायला जागा नव्हती. खोड होती ती शेजारच्या घराला. तिथला मच्छिंद्र आणि त्याचा भाऊ भांडून पुण्याला गेले, वाटणीचा दावा कोर्टात पडला, आणि घराला लागलेलं कुलूप सात वर्षांत कुणी काढलं नाही. न्हाणीची भिंत बसली. आवारात सुबाभूळ माजून गच्चीच्या कठड्याला लागली. दरवर्षी एक कुत्री तिथं वेते आणि महिनाभर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिंडऱ्या धरते. सुदर्शननं दोन गडी लावून पुढची झाडी तोडून घेतली होती, दर्शनी भिंतीला चुना मारला होता आणि फुटक्या खिडकीला आतून पडदा लावला होता. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, घरचे आत्ताच रानात गेलेत.

विठाबाईंनी मान वर केली नाही. उद्या पुनव. परवा पितृपंधरवडा लागला की घराचं बोलणं कुणी तोंडातून काढणार नव्हतं, आणि केडगावला ज्या खोल्या घ्यायच्या होत्या त्यांचा मालक घटस्थापनेच्या पुढं थांबणार नव्हता. माघात पोपटरावांना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. तेव्हापासून ते केडगावला सारिकाकडं होते. लेक मायेनं करत होती, जावयानं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. पण लेकीच्या दारात बसून खायचं म्हणून त्या माणसाचा घास घशाखाली उतरत नव्हता. अर्ध्या भाकरीवर हात धुवायचे. सारिकाच्या घराला लागूनच दोन खोल्या विकाऊ होत्या. हे घर गेलं की त्या घ्यायच्या, आणि नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या उंबऱ्यात बसवायचं, एवढंच विठाबाईंनी मनाशी धरलं होतं. आठ महिने त्या इथं एकट्या राहत होत्या. कुलूप लागलेल्या घराचं काय होतं, ते शेजारीच दिसत होतं.

“आली बघा,” सुदर्शन म्हणाला.

रस्त्याच्या वळणावर पांढरी गाडी दिसली. विठाबाईंनी हात झटकला, खाली पाहिलं आणि त्या तशाच बसून राहिल्या. त्यांना कमळ काढायचं होतं. पण फरशीवर गायीची पावलं उमटली होती, ओळीनं, एकाआड एक. चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढायचं त्यांचं व्रत होतं. यंदाचं चौथं वर्ष. आजची तेहतीस त्यांनी पहाटेच आपल्या दारात काढली होती. रांगोळी चिमटीत आल्यावर हाताला दुसरं काही आठवलंच नव्हतं.

“काकी, उठा की.”

पुसायला वेळ नव्हता. त्या उठल्या.

गाडीतून तिघं उतरली. संपत, त्याची बायको पूनम आणि संपतची आई सगुणाबाई. दोघं नवरा-बायको रांजणगावच्या कंपनीत होती. सगुणाबाई न्हावऱ्याकडची, दोन पिढ्यांमागं मेंढरांमागं फिरणारं घर, आता ऊस आणि कांदा करणारं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि उतरताना लेकानं पुढं केलेला हात तिनं घेतला नाही.

“शेजारी वस्ती हाय म्हणायची,” संपत लुगड्यांकडं बघत म्हणाला.

“फुल वस्ती, दादा,” सुदर्शन म्हणाला.

पूनमला घर आवडलं. तिनं स्वयंपाकघराची खिडकी दोनदा उघडून पाहिली, फ्रिज कुठं बसेल ते हातांनी मापलं, नळ सोडला. संपत गच्चीवर जाऊन आला. विठाबाईंचा जीव तेवढा वेळ टांगणीला लागला, कारण गच्चीवरून शेजारचं मागचं आवार दिसत होतं. पण सुदर्शन त्याच्याबरोबर होता आणि पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून त्यानं संपतला सगळा वेळ रस्त्याच्या बाजूचंच दाखवलं.

“आत्या, तुम्हाला कसं वाटतंय?” पूनमनं सासूला विचारलं.

“भिंती बऱ्या हायेत. माझ्या शेळ्यांचं काय?”

“आत्या, ते झालंय ना बोलून. हितं प्लॉटिंगमध्ये चारणार कुठं? विकायच्या ठरल्यात.”

“तुमचं ठरलंय,” सगुणाबाई म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली.

विठाबाईंनी चहा आणला. संपतनं पहिला घोट घेतला आणि सुदर्शनकडं पाहून किंचित मान हलवली. सुदर्शनचा चेहरा उजळला. तेवढ्यात सगुणाबाईनं कमरेची चंची सोडली, आतून कुंकवाची डबी काढली आणि सुनेपुढं धरली.

“जा, शेजारणीला हळदीकुंकू लावून ये. मग बोलणी. आमच्यात तशी रीत हाय. घर बदलता येतं, शेजार बदलता येत न्हाई.”

पूनम उठली. सुदर्शन तिच्या आधी उठला.

“त्या न्हाईत घरी, वहिनी. दौंडला गेल्यात, लेकीकडं.”

“कवा?” सगुणाबाईनं विचारलं.

“आज सकाळीच. सातच्या गाडीनं.”

“बाई नेमाची दिसती. गडबडीत बी गोपद्मं काढून गेली.”

“तर वो. लई देवाधर्माच्या.”

सगुणाबाईनं कप खाली ठेवला. ती उठून शेजारच्या दारापुढं गेली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग तशीच परत आली आणि विठाबाईंच्या दारापुढं वाकली. संपतच्या हातातला चहा निवत होता.

“माझा बाप पाऊल बघून जनावर सांगायचा,” ती सरळ होत म्हणाली. “हरवलेलं मेंढरू असंच काढायचा हुडकून. ह्या दोन्ही दारांत एकच गाय फिरलीया. उजवा खूर बारीक हाय तिचा, आन् बाहेर फाकतोय.”

“मावशी, रांगोळीच ती. समद्या बायकांची सारखीच असती,” सुदर्शन हसत म्हणाला.

“तुला न्हाई इचारलं, बाबा. तू कधी काढलीस?” ती विठाबाईंकडं वळली. “तुम्ही सांगा. कितवं वरीस शेजारणीच्या नेमाचं?”

विठाबाईंच्या उजव्या तर्जनीचं पेर तरुणपणी विळ्यानं गेलं होतं. ते बोट त्यांनी केव्हाच पदरात गुंडाळून घेतलं होतं. सुदर्शन त्यांच्याकडं एकटक बघत होता. ‘दुसरं’ म्हणायचं, की ‘पाचवं’. एक शब्द पुरला असता. त्यांनी शेजारच्या दाराकडं पाहिलं. उन्हात पोपटरावांच्या चपला पडल्या होत्या, जणू ते आत जेवायला बसले होते.

“चौथं,” त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू आला की पूनम पुढं झुकली. “माझंच हाय ते. तिथं कुणी ऱ्हात न्हाई. सात वर्सं झाली.”

“काकी—” सुदर्शन म्हणाला आणि थांबला.

“लुगडी?” संपतनं विचारलं.

“माझी.”

“आन् चपला?”

“आमच्या मालकांच्या. ते केडगावला असत्यात, लेकीकडं. आजारी हायेत.”

“म्हंजी नाटक लावलं होतं आमच्यासाठी.” संपतनं कप ओट्यावर ठेवला, त्याचा आवाज झाला. “कंपनीत रजा टाकून आलोय आम्ही. चल गं. आई, ऊठ.”

सुदर्शन फोन कानाला लावून रस्त्यावर गेला. फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता.

सगुणाबाई मात्र तिथंच उभी होती.

“मागं काय हाय?” तिनं विचारलं.

विठाबाई तिला घरातून परसात घेऊन गेल्या. छातीभर उंचीच्या भिंतीपलीकडं सुदर्शनचा कोयता पोचला नव्हता. बसलेली न्हाणी, फुटकी टाकी, आणि आवारभर सुबाभळीची दाट झाडी, भिंतीवरून अलीकडं वाकलेली. विठाबाई बोलायला लागल्या, आणि मग त्यांना थांबता येईना. गेल्या साली दोन साप निघाले, एक न्हाणीत आणि एक इथं पाट्याखाली. पावसाळ्यात तिकडचं पाणी तुंबून ह्या भिंतीला ओल येते, स्वयंपाकघरात कपाटामागं हात लावला की कळतं. दाव्याचा निकाल कधी लागेल ते देवाला ठाऊक. कुत्री मार्गशीर्षात वेते. कुणी विचारलं नव्हतं तेही त्यांनी सांगितलं.

सगुणाबाई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तिची नजर वर होती.

“पुढची झाडी का तोडली?”

“लोकांस्नी बरं दिसावं म्हणून.”

“कुठल्या लोकांस्नी?” ती म्हणाली. तिनं टाचा उचलून एक फांदी खाली ओढली, पाला बोटांत चुरगळून वास घेतला. मग फांदी मोडली. दुसरी मोडली. दोन्ही पदरात घेऊन ती घरातून पुढं आली, तशी पूनमनं गाडीचं दार धरून डोळे मिटले.

“आत्या, गाडीत?”

“डिकीत नगं. वाळंल. मांडीवर घेते.”

विठाबाई फाटकापर्यंत गेल्या. माफी मागावी, तर तोंड कुठल्या बाजूनं उघडावं?

“उद्या पुनव हाय,” सगुणाबाई काच खाली करून म्हणाली. “हा पाला घरी जाऊन शेळीपुढं टाकते. तिनं तोंड लावलं, तर सकाळी हळदीकुंकू घेऊन येते. न्हाई लावलं, तर न्हाई.”

“आता घर काय शेळी पसंत करणार हाय का?” संपत स्टिअरिंगवरून म्हणाला.

“तुम्ही दोघं कंपनीत. दिवसभर घरात आम्हीच असणार हाय.”

गाडी गेली. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘घरी विचारतो’. चार पार्ट्यांचे चार नकार विठाबाईंनी ऐकले होते. हा पाचवा, जरा निराळ्या तऱ्हेचा. निदान त्या बाईनं अपमान केला नाही. सुदर्शन परत आला, दोरी न सोडताच गाडीवर बसला. “काकी, तुम्हाला घर विकायचंच नव्हतं,” एवढंच बोलून गेला. विठाबाईंनी लुगडी काढून घड्या घातल्या. चपला आत आणल्या. त्या दारातली पावलं पुसायला ओलं फडकं घेऊन गेल्या, आणि मोजून आल्या. तीसच होती. तशीच राहू दिली.

दिवेलागणीला सारिकाचा फोन आला. तिनं तो वडिलांच्या कानाशी धरला असावा. पोपटरावांचा जड श्वास ऐकू येत होता.

“क्... काय झालं?”

विठाबाईंनी सगळं सांगितलं. लपवलेलं, आणि मग कबूल केलेलं. सांगताना आवाज एकदा फाटला, तो त्यांनी खाकरून लपवला. “शेळीला इचारून सांगते म्हणाली,” त्या म्हणाल्या. “जाऊ द्या. आपण पक्षानंतर बघू.”

पलीकडं फोन खरखरला.

“क... कसला पाला?”

“हा शेजारचाच. सुबाभळीचा.”

मग एक आवाज आला, घशातल्या घशात, तुटक. विठाबाई घाबरल्या. मागून सारिका म्हणत होती, “आबा, काय झालं? आई, हे हसत्यात गं.”

“विठे,” पोपटराव एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले, “सु-बा-भळ... कुठली शेळी... सोडती गं?”

विठाबाई फोन धरून परसदारी आल्या. भिंतीवरून झाडी अंगणात वाकली होती. मोडलेल्या दोन फांद्यांची टोकं तिथं पांढरी दिसत होती. त्या पायरीवर बसल्या, आणि बोलता बोलता पुन्हा पदरात गुंडाळलं गेलेलं बोट त्यांनी आता सोडवून घेतलं.