हलव्याचे दागिने आणि माझं इंजिन

मित्रांनो, मी सुदामा नगरातली एक जुनी आणि अगदी छोटी मोटारगाडी आहे. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगते.

कारखान्यातून मी आले तेव्हा गल्लीतले लोक हसून म्हणाले, "भिया, ये तो माचिस की डिबिया है!" सुनंदाबाई मात्र माझ्यावरच गाडी शिकल्या. भाजी, दवाखाना, तुकोगंजातलं ऑफिस, सगळीकडे त्यांनी मला नेलं. त्यांचे यजमान मोहनराव शेजारी बसतात. थंडीच्या रात्री ते माझ्या नाकावर गोधडी टाकतात. इंजिन गारठू नये म्हणून. पण माझं इंजिन मागे आहे! हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि मला बोलता येत नाही.

यंदा खंडव्याला त्यांच्या लेकीच्या, मंजिरीच्या बाळाची पहिली संक्रांत होती. बाळाच्या बोरन्हाणासाठी सुनंदाबाईंनी स्वतः हलवा केला आणि एकेक दाणा दोऱ्यात ओवून हार, बाजूबंद, मुकुट केले. जावई रजतचा फोन आला, "आई, एवढ्या ठंडीत त्या डिबियेत कशाला? मोठी गाडी पाठवतो ना."

"राहू द्या, रजतजी. आमचे आम्ही येऊ."

पहाटे निघालो. भेरूघाटात दाट धुकं होतं. माझ्यात हीटर नाही. दोघांच्या श्वासांनी समोरची काच आतून पांढरी होई, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. ओली हवा आत भरली. बाजूने ट्रक गेला की मी पतंगासारखी हेलकावे खाई. सुनंदाबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

घाट उतरल्यावर चहाला थांबलो. सुनंदाबाईंनी पुढच्या खणातली उरलेल्या हलव्याची पुडी उघडली. दाण्यांचा चिकट गोळा झाला होता. त्यांचा चेहराच उतरला.

"अहो, दागिन्यांचा डबा कुठाय?"

"मागच्या सीटच्या पाठीशी. मुद्दाम ठेवला, इंजिनपासून लांब."

"अहो, दिमाग आहे का जागेवर? इंजिन मागेच आहे हिचं! डबा त्याच्याच डोक्यावर ठेवलात!"

सुनंदाबाईंनी सीट पुढे वाकवून डबा काढला. झाकण उघडलं. आत हार कोरडा, खडखडीत. मुकुटाचा एक दाणाही विरघळला नव्हता. माझ्या इंजिनाच्या उबेने दमट हवेला डब्याजवळ येऊच दिलं नव्हतं.

"बघ, मी नीटच ठेवला होता," मोहनराव म्हणाले.

"हो, फार अक्कल चालवलीत!" म्हणत त्या हसल्या, आणि डबा होता तिथेच ठेवला.

खंडव्याला बाळाला काळं झबलं घालून दागिने चढवले. डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले. मी अंगणात उभी राहून मुलांचा गलका ऐकत होते. थोड्या वेळाने मोहनराव हिरमुसून बाहेर आले, मागोमाग सुनंदाबाई.

"अगं, पोरांनी हार तोडून खाल्लासुद्धा!"

"मग? खाण्यासाठीच आणला होता," सुनंदाबाई मागून म्हणाल्या. त्यांच्याही गालात एक दाणा होता.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना पुसून, झाकून ठेवता ते चांगलंच आहे. पण लांबच्या वाटेवर आम्हाला न्या, आणि निघण्याआधी आमचं इंजिन कुठे आहे एवढं बघून घ्या. दर वेळी चूक अशी उपयोगी पडेलच, असं मी तरी सांगू शकत नाही.